नाणी जमवण्याचा छंद चारचौघांत सांगावा की लपवून ठेवावा?

तुम्ही लिहिलंय की चार वर्षांत शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या शिवराया आणि इंग्रजी अमदानीतले चांदीचे रुपये मिळून दोनेकशे नाणी जमलीत. नुकतंच लग्न झालंय, डबा कपाटात कपड्यांखाली आहे आणि बायकोलाही अजून सांगितलेलं नाही. घरात कळलं की गावात कळेल, मग चोरीची भीती, शिवाय लोक वेड्यात काढतील ते वेगळंच.

आधी बायकोला सांगा. आजच सांगा. बाकीचं नंतर बघू.

मी साताऱ्याला शाळेत शिकवते. वीस वर्षं झाली नाणी जमवतेय, त्यातली पहिली आठ वर्षं मीही चोरूनच. भांड्यांच्या दुकानात तांब्याची मोड यायची, त्यात कधीमधी शिवराई सापडायची. ती भाजीच्या पिशवीत तळाशी घालून आणायची आणि माळ्यावरच्या चहाच्या डब्यात टाकायची. सून पगारातले पैसे तांब्याच्या तुकड्यांवर घालवते हे सासरी कळू नये, एवढंच मनात असायचं.

एका दिवाळीच्या साफसफाईत तो डबा सासूबाईंच्या हाती लागला. देवघरातली जुनी नाणी कुणीतरी वर ठेवली असतील असं त्यांना वाटलं. संध्याकाळी मी शाळेतून आले, तर ओट्यावर धुतलेल्या फडक्यावर सदतीस शिवराया ओळीने वाळत घातलेल्या. चिंच आणि मीठ लावून, काथ्याने घासलेल्या. नव्या घागरीसारख्या गुलाबी.

शिवराई तुमच्याकडे आहे, म्हणजे तुम्हाला हे ठाऊक असणार, पण इथे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ठसा बहुतेकदा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे एखादं अक्षर कडेला अर्धं तुटलेलंच असतं. कुठे 'शिव', कुठे 'सिव', कुठे 'सीव'. हे फरक बघण्यातच तर सगळी मौज आहे. माझ्याकडे एक अशी होती की तिन्ही ओळी पूर्ण बसल्या होत्या, आणि अंगावर शेदोनशे वर्षांचा तो काळपट तपकिरी थर जसाच्या तसा. तिच्या 'श्री'ची वेलांटी घासून निघाली होती.

त्या रात्री मी खूप रडले. सासूबाईंचा काडीचा दोष नव्हता. सुनेला बरं वाटेल म्हणून त्या दुपारभर घासत बसल्या होत्या. दोष माझ्या लपवण्याचा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांना भिंग देऊन शेजारी बसवलं आणि एकेक नाणं दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगं, आमचे आबा ढब्बू म्हणायचे ते असंच जाड असायचं की!" आणि उठून त्यांनी आपल्या ट्रंकेतून एक ढब्बू पैसा काढून माझ्या हातावर ठेवला. तो मी पत्र्याच्या डब्यात नाही, वेगळ्या पाकिटात ठेवलाय. पुढे त्या जाईपर्यंत, घरात कुणी माझ्या कपाटाला हात लावला तर आधी त्यांचाच आवाज यायचा.

घराबाहेरचं मात्र वेगळं. छंद आहे हे मी कुणालाही सांगते. किती नाणी आहेत, कुठे ठेवलीत आणि कोणतं केवढ्याला घेतलं, हे कुणालाही सांगत नाही. शाळेत दरवर्षी मी एक ताटली नेते. त्यात भोकाचा पैसा (१९४३ ते ४७ मधला), चौकोनी चवली म्हणजे दोन आणे, पावली म्हणजे चार आणे, असं साधंसुधं. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे. मग १ एप्रिल १९५७ पासून शंभर नवे पैसे. पुस्तकातून हे सांगितलं तर मुलं जांभया देतात. भोकाचा पैसा करंगळीत अडकवून बघितला की मग प्रश्न थांबत नाहीत. त्यातलं एखादं हरवलं तरी मला चालतं, म्हणूनच ती ताटली मोकळेपणाने फिरते.

असं नाव झालं की लोक आपणहून नाणी आणून देतात. कुणाच्या आजीच्या बटव्यातला सुरती रुपया, कुणाच्या देव्हाऱ्यातली दुदांडी, म्हणजे अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली शिवराई. लपवत होते तेव्हा यातलं काहीही माझ्यापर्यंत आलं नसतं. त्रासही होतो, ते खोटं कशाला बोलू. वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, असं कुठेतरी वाचून लांबच्या नात्यातले फोन करतात. ती नाणी २०१२ ची आहेत आणि साधी चलनातली आहेत. असल्या व्यवहारांत रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून कमिशन आणि कर मागितला जातो. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना तसं सावधही केलं होतं. मी प्रत्येकाला शांतपणे हे सांगते.

एकदा एक शेतकरी दादा नांगरटीत सापडलेली नाणी विकायला घेऊन आले. मी हात लावला नाही. जमिनीत पुरलेलं धन दहा रुपयांच्या वर किमतीचं असेल तर कलेक्टरला कळवावं लागतं, १८७८ चा कायदा आहे. दुकानातून घेतलेल्या नाण्यांची पावती मात्र जपून ठेवा, आणि शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, परदेशातल्या भावाला भेट म्हणूनसुद्धा नाही.

फोटो टाकायचा झाला तर फक्त नाण्याचा टाका. मागे कपाट, खिडकी, घराचा नंबर काही दिसू देऊ नका. भारी नाणी बँकेच्या लॉकरमध्ये, आणि मऊ प्लास्टिकच्या पाकिटात अजिबात नको. त्यातलं रसायन तांब्यावर हिरवट चिकट थर धरतं.

आता ज्यासाठी 'आधी बायकोला सांगा' म्हटलं ते. माझ्या ओळखीचे एक वडीलधारे संग्राहक होते. अतिशय अबोल. त्यांच्याकडे १९११ ची, पंचम जॉर्जच्या रुपयाची दोन नाणी होती. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून लोक भडकले, सरकारने ते रुपये मागे घेऊन वितळवले आणि १९१२ पासून सोंड नीट काढली. म्हणून ते दुर्मिळ. हे गृहस्थ वारल्यावर त्यांच्या मुलांनी सगळी चांदी सराफाकडे नेली. ११.६६ ग्रॅमला एक, वजनावर. ते दोन रुपये त्या ढिगात होते. वही नव्हती, सांगितलेलं कुणाला नव्हतं, मुलांना कळणार तरी कसं?

तेव्हा एक वही करा. नाणं, वजन, कुठून घेतलं, केव्हा, केवढ्याला. ती कुठे आहे हे तुम्हा दोघांना माहीत असू द्या.

आणि बायकोला दाखवताना सगळ्यात महाग नाणं आधी काढू नका. तिच्या जन्मसालाचा रुपया शोधा. सालाखाली बारीक हिऱ्याचा आकार असेल तर मुंबई टांकसाळीचा, तारा असेल तर हैदराबादचा, ठिपका असेल तर नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकात्याचा. तो तिच्या हातात द्या, भिंग द्या, आणि कुठला आहे ते तिलाच ओळखू द्या.