उपकाराचं खातं वेगळं, पगाराचं खातं वेगळं

«ताई, मी पारोळा तालुक्यातला. तेरा वर्षं झाली, जळगावच्या एकाच शेठकडे दहा टायरचा ट्रक चालवतो. चोपडा-यावलकडून केळी भरून दिल्ली, येताना मिळेल ते भाडं. पगार २२ हजार, भत्ता वेगळा. मागच्या तीन महिन्यांत एकदाच पगार झाला, तोही अर्धा. अकरा गाड्यांपैकी तीन फायनान्सवाल्यांनी ओढून नेल्या. क्लीनर काढून टाकला, आता मी एकटाच जातो. पंपावरची उधारी बंद झाल्यापासून वाटेत माझ्याच पैशाने डिझेल टाकतो, ते ३८ हजार अडकलेत. मुनीम म्हणतो, दिवाळीपर्यंत दम धर. धुळ्याचा एक ट्रान्सपोर्टवाला बोलावतोय, पगार दोन हजारांनी कमी. घरची म्हणते, 'आते सोडी द्या.' पण माझ्या वडिलांच्या ऑपरेशनला शेठनी रात्री दोन वाजता ८० हजार आणून दिले होते, आणि परत कधी मागितले नाहीत. अशा माणसाला अडचणीत सोडून जाऊ का? गेलो तर माझे पैसे बुडतील का? काही ड्रायव्हर म्हणतात, गाडी घरासमोर उभी कर, पैसे आपोआप येतील. मुलगी यंदा बारावीला आहे. नाव छापू नका.»

भाऊ,

पत्रासोबत तुम्ही वहीच्या पानाचा फोटो पाठवलात. तो मी बराच वेळ बघत बसले. आखीव पान, निळ्या बॉलपेनने तारखेवार लिहिलेलं. डिझेल ६,०००. डिझेल ४,५००. वराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, ९००. सेंधव्याला पंक्चर ३५०. फास्टॅग २,०००. प्रत्येक ओळीपुढे बारीक अक्षरात 'शेठकडे'. आणि पानाच्या तळाला 'टायर, पुढचा डावा, तार दिसते'. त्यापुढे रक्कम नाही, कारण तो टायर अजून बदललेला नाही.

तुम्ही विचारलंत, नोकरी सोडू का. त्याचं उत्तर देतेच, पण आधी या टायरचं बोलू द्या.

धंद्यातला पैसा आटला की पहिली कात्री टायर, ब्रेक आणि पाट्यांना (चाकांवरच्या स्प्रिंगांना) लागते, कारण ते ऑफिसात बसून दिसत नाही. मग विम्याचा हप्ता पुढे ढकलला जातो. माणसांचे पगार त्यानंतर थांबतात. तुमचा पगार थांबलाय म्हणजे पहिल्या दोन गोष्टी आधीच होऊन गेल्या असतील, असं धरूनच चाला. परतीला भरलेली गाडी घेऊन तुम्ही एकटे बिजासन घाट उतरता. शेजारी क्लीनर नाही, झोप अर्धी, पुढच्या चाकाची तार उघडी. जुलै २०२३ मध्ये पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसं गेली. ती जागा तुम्ही महिन्यातून कितीदा ओलांडता, ते मला सांगायची गरज नाही.

म्हणून आजच्या आज एक काम करा. मोबाइलमध्ये एमपरिवहन अॅप घ्या आणि तुमच्या गाडीचा नंबर टाका. विमा, फिटनेस आणि पीयूसी कधी संपतात त्या तारखा समोर येतील. कुणाला विचारायला नको, मुनिमाची मर्जी नको. गाडी आठ वर्षांच्या वरची असेल तर फिटनेस दरवर्षी करावं लागतं, ते झालंय का तेही कळेल. विमा संपलेला निघाला तर एक चाकही हलवू नका. विम्याशिवाय गाडी चालवली तर कायदा मालकाबरोबर चालवणाऱ्यालाही धरतो: पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंडाची मला तितकी काळजी नाही. रस्त्यात तुम्हालाच काही झालं, तर ड्रायव्हरच्या कुटुंबाला मिळणारी भरपाई एरवी गाडीच्या विम्यातून येते. विमाच नसेल तर वहिनींना ती शेठकडे मागावी लागेल, आणि ज्या शेठकडे टायरला पैसे नाहीत तो भरपाई कुठून देणार?

आता सोडण्याचं. माझं मत स्पष्ट आहे: सोडा. दिवाळीपर्यंत थांबू नका.

शेठ वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. रात्री दोन वाजता पैसे घेऊन दवाखान्यात येणारा माणूस वाईट नसतो. त्यांचा धंदा का बसला याचाही अंदाज येतो. पार्टी दोन-तीन महिने पैसे देत नाही, डिझेल आणि टोल मात्र रोख. रिटर्न भाडं मिळेपर्यंत दिल्लीत गाडी खोटी होते, म्हणजे नुसती उभी राहते, आणि हप्त्याची तारीख कुणासाठी थांबत नाही. या धंद्यात चांगली माणसंसुद्धा बुडतात. पण शेठ चांगले आहेत आणि शेठकडे पैसे आहेत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या पत्रात त्या एकमेकींत मिसळल्यात.

हिशोब करून बघा. तीन महिन्यांचे ६६ हजार, त्यातले ११ मिळाले, ५५ राहिले. त्यात डिझेलचे ३८ घातले की झाले ९३ हजार. म्हणजे तुम्ही आज शेठना त्यांनी दिलेल्या ८० हजारांपेक्षा जास्त उसने दिलेले आहेत, बिनव्याजी, बिनकागदी. याचा अर्थ उपकार फिटला असा नाही. वडिलांच्या वेळचा उपकार पैशाने फिटतही नाही, तो आयुष्यभर मनात ठेवा, शेठच्या घरी सुखदुःखाला धावून जा. पण तो उपकार तुमच्या मुलीच्या फीमधून फेडायचा नसतो. बँकेने शेठना कर्ज देताना गाडीची कागदपत्रं घेतली होती. तुम्ही काय घेतलंत? फक्त मुनिमाचं 'दिवाळीपर्यंत'.

हे मी इतक्या आवाज चढवून का लिहितेय ते सांगते. माझे वडील खानदेशातल्याच एका सूतगिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. गिरणीचा पगार आधी आठ दिवसांनी उशिरा व्हायला लागला, मग महिन्याने, मग सणाला थोडे थोडे. मॅनेजर देवमाणूस होता, माझ्या आत्याच्या लग्नाला त्यानेच उचल दिलेली. भिवंडीहून वडिलांना बोलावणं आलं, ते गेले नाहीत. 'साहेबाला तोंड कसं दाखवू' एवढंच म्हणायचे. रोज सकाळी आई कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून द्यायची आणि ते गेटवर जाऊन बसायचे. एके दिवशी गेटला कुलूप दिसलं. नंतर कळलं की दीड वर्ष पगारातून पीएफ कापला गेला आणि भरलाच नव्हता. त्या वर्षी आईच्या पाटल्या गेल्या. मॅनेजर आमच्या घरी येऊन रडला, आणि ते रडणं खरं होतं. वडिलांना त्याचा राग कधीच आला नाही. मला आईच्या मोकळ्या हातांकडे बघवत नसे.

म्हणून तुमच्या पीएफचं आधी बघा. पगारातून कापत असतील तर उमंग अॅपवर पासबुक उघडा. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरायची असते. कुठल्या महिन्यापासून भरणा थांबलाय ते डोळ्यांनी दिसेल आणि धंदा नेमका कधीपासून घसरला तेही कळेल. कापून न भरणं हा गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार पीएफ कार्यालयाकडे ऑनलाइन करता येते.

पैसे बुडतील का, ही तुमची मोठी भीती. थांबल्याने ते वाचत नाहीत, उलट अडकलेली रक्कम दर महिन्याला २२ हजारांनी वाढते. आणि नोकरी सोडल्याने तुमचा हक्क जात नाही. वेतन संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा, आणि माणसाने राजीनामा दिला तर दोन कामाच्या दिवसांत त्याचा हिशोब चुकता करायचा असतो. थकलेल्या पगाराचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. जळगावला सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, अर्ज तिथे द्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, कामगारांना तिथे मोफत वकील मिळू शकतो.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलीच नाही, म्हणजे बहुतेक तुम्हाला कुणी सांगितलेली नाही: ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायची सेवेची रक्कम. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाच वर्षं भरली की ती मिळते, आणि स्वतःहून राजीनामा दिला तरी मिळते. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. तुमचे सगळे २२ हजार पगार म्हणून धरले तर तेरा वर्षांचे १ लाख ६५ हजार होतात. गाड्या कमी झाल्या, माणसं दहाच्या खाली आली, असं मुनीम म्हणेल. एकदा लागू झालेली ग्रॅच्युइटी माणसं कमी झाल्याने थांबत नाही. आज शेठ देऊ शकणार नाहीत कदाचित, पण मागणी लेखी नोंदवून ठेवा. फर्म शेठच्या एकट्याच्या मालकीची असेल तर हे देणं त्यांच्या स्वतःवर असतं, फर्मची पाटी उतरवली तरी ते संपत नाही.

या सगळ्याला कागद लागतो. तुमचं ते वहीचं पान सोन्यासारखं आहे, पण त्यावर फक्त तुमची सही आहे. सगळी पानं, पंपाच्या पावत्या, फास्टॅगचे मेसेज, बिल्टीचे (मालाच्या पावतीचे) फोटो मुनिमाला व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि खाली सरळ लिहा: 'आजपर्यंत माझे इतके येणे आहे, चूक असेल तर कळवा.' भांडणाचा सूर नको. तो 'बघतो', 'देतो' काहीही म्हणाला तरी तो तुमचा पुरावा झाला. आणि इथून पुढे स्वतःच्या खिशातून एक लिटर डिझेल टाकायचं नाही. ट्रिपची खर्ची आधी हातात, मग चावी.

गाडी घरासमोर उभी करण्याचा सल्ला मात्र कानाआड करा. माल तिसऱ्याचा, गाडी फायनान्सची. अडवून ठेवलीत तर तुम्ही पैसे मागणारे राहणार नाही, मालाच्या अपहाराचे आरोपी व्हाल. आज न्याय तुमच्या बाजूला आहे, तो स्वतःच्या हाताने घालवू नका. आणि शेवटच्या एखाद्या ट्रिपला फायनान्सवाल्यांनी रस्त्यात गाडी अडवली तर अंगावर जाऊ नका. कागद बघायला मागा, शेठना फोन लावा, ११२ ला कळवा, आत काय माल आहे ते लिहून सही घ्या आणि तुमचं अंथरूण, लायसन्स, वही घेऊन खाली उतरा. त्या गाडीच्या हप्त्यासाठी तुम्ही डोकं फोडून घ्यायचं काही कारण नाही.

धुळ्याचे दोन हजार कमी आहेत म्हणता. कागदावर २२ आणि हातात शून्य, त्यापेक्षा हातातले २० चांगले. फक्त तिथे जाण्याआधी त्यांच्याकडच्या दोन ड्रायव्हरांना गाठून, एखाद्या धाब्यावर शेवभाजी खाता खाता विचारा: पगार किती तारखेला होतो, टायर कोण बघतं, पीएफ भरतात का. आणि तुम्हाला जी गाडी देणार आहेत तिचाही नंबर अॅपवर टाकून बघा.

राहिले शेठ. फोनवर सोडू नका, मुनिमाकडे निरोप ठेवू नका. घरी जा, सकाळी, चहाच्या वेळेला. वडिलांचं नाव काढूनच सुरुवात करा: 'तुम्ही त्या रात्री आलात म्हणून माझे वडील वाचले, ते मी विसरलो नाही. पण घर चालत नाही, मला जावं लागतंय.' मग राजीनाम्याचा आणि येणे रकमेचा कागद हातात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर 'मिळाला' म्हणून सही घ्या. ते एकरकमी देऊ शकले नाहीत तर हप्ते बांधून घ्या, महिन्याला पाच-सात हजार का होईना, पण लिहून. माझा अंदाज आहे की शेठ रागावणार नाहीत. अकरा घरांचा पगार थकल्यावर त्यांनाही रात्री झोप लागत नसणार, आणि एक माणूस मार्गी लागला तर त्यांच्याही छातीवरचं थोडं ओझं उतरेल.

लोक काय म्हणतील, हेही मनात असेल. तुमच्या गावात तीन महिने पगाराविना काम केलेल्या माणसाला कुणी पळपुटा म्हणणार नाही, आणि कुणी म्हणालंच तर तो मुलीची फी भरायला येणार नाही. वहिनींनी हे सगळं तीन शब्दांत कधीच सांगितलंय. हे उत्तर त्यांच्याबरोबर बसून वाचा, आणि पावत्या लावायला त्यांनाच घ्या. मुलीला अॅप उघडायला सांगा, ती दोन मिनिटांत तारखा काढून देईल.

आणि शेठकडच्या पुढच्या ट्रिपचा फोन त्याआधीच आला, तर तो पुढचा डावा टायर बदलून झाल्याशिवाय चावी हातात घेऊ नका.

तुमची ताई