रॅटच्या एओर्टावर (महाधमनीवर) औषध तपासायला ऑर्गन बाथ (धमनीचा तुकडा द्रावणात हुकांवर ताणून त्याचं आकुंचन मोजणारी कुंडी) पुरतो की वायर मायोग्राफच (बारीक तारांवर तेच मोजणारं यंत्र) लागतो?

मायोग्राफचं नंतर. आधी सांगा, तुमच्या रिंगांमध्ये, म्हणजे धमनीच्या कापलेल्या कड्यांमध्ये, एंडोथेलियम हे आतलं अस्तर शाबूत आहे का?

एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षी माझे पाच आठवडे यापायी गेले. तीन मिलिमीटरच्या रिंगा, 37 अंशांचं क्रेब्स (क्षारांचं द्रावण), कार्बोजेन (ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण), दोन ग्रॅम टेन्शन, सगळं जागच्या जागी. रिंग आवळणाऱ्या फिनाइलेफ्रिनने आलेख झकास चढायचा. त्यावर अस्तरावाटे रिंग सैल करणारं असिटिलकोलिन टाकलं की ढिम्म. सर म्हणाले, बाटली खराब आहे, नवीन मागव. नवीन आली, तरी तेच. मी सांगत होते की चरबी काढताना सीनियर रिंगेचं तोंड चिमट्याने आतून धरतो, अस्तर खरवडलं जातंय. "तुला किती अनुभव आहे?" एवढंच उत्तर.

एका शनिवारी असिटिलकोलिनला न हललेल्या त्याच रिंगेवर मी अस्तराशिवाय थेट स्नायू सैल करणारं सोडियम नायट्रोप्रुसाइड टाकलं. आलेख तळाला आला. म्हणजे स्नायू ठणठणीत होता, गेलं होतं ते अस्तर. सोमवारी एओर्टा मी स्वतः साफ केली, चिमट्यात फक्त बाहेरची चरबी धरून. हूक अलगद ओवले. असिटिलकोलिनने रिंगा भराभर सैल झाल्या.

यात नवीन काहीच नव्हतं. औषधशास्त्रज्ञ फर्चगॉट यांच्याकडे सशाच्या एओर्टाच्या पट्ट्या अस्तर घासलं गेल्यामुळेच असिटिलकोलिनने सैल होत नव्हत्या. सहकारी झवाड्झकींबरोबरचा त्यांचा 1980 चा पेपर त्यावरच आहे, आणि 1998 च्या नोबेलची वाट तिथूनच निघाली. रिंगा लावणाऱ्या गाइडने तो वाचलेला असलाच पाहिजे.

तेव्हा आधी प्रत्येक रिंगेची असिटिलकोलिनने परीक्षा, मग तुमचं औषध. नापास रिंग गुपचूप टाकून देऊ नका. कोणी काढली, कोणी साफ केली, वहीत लिहा. गाइड बाटलीवर खापर फोडत असतील तर वाद घालत बसू नका, नायट्रोप्रुसाइडचा आलेख समोर ठेवा. मी तो पहिल्याच आठवड्यात ठेवायला हवा होता.

राहिला मायोग्राफ. एओर्टाला बाथ पुरतो. पण रक्तदाबाबद्दल काही म्हणायचं असेल तर एओर्टा पुरत नाही, कारण रक्तप्रवाहाला खरा अडथळा होतो तो लहान धमन्यांत. मेसेंटेरिकच्या (आतड्याकडे जाणाऱ्या धमनीच्या) बारीक फांद्या हुकावर बसत नाहीत, तिथे 40 मायक्रॉनच्या दोन तारा ओवाव्या लागतात.

आणि हो, औषध एंडोथेलियमवाटे काम करतं का हे बघायचं असेल तर अस्तर मुद्दाम घासून काढलेल्या रिंगाही लागतील. त्याही असिटिलकोलिनने तपासूनच घ्या, त्या सैल व्हायला नकोत.