पाण्यात टिकणारे नॅनोहिरे पीबीएसमध्ये का बसतात?

तुमचं म्हणणं असं की डिस्टिल्ड वॉटरमध्ये नॅनोहिरे (नॅनोमीटर मापाचे हिऱ्याचे कण) आठवडाभर छान राहिले, पण पीबीएस (फॉस्फेट मिसळलेलं खारट बफर द्रावण) घालताच तासाभरात राखाडी गाळ बसला. म्हणजे पृष्ठभाग अस्थिर झाला का?

नाही. हिरा जसाच्या तसा आहे, प्रभार झाकला गेला आहे. सारखा प्रभार असलेले कण एकमेकांना ढकलतात, म्हणून पाण्यात ते सुटे राहतात. पण ही ढकल किती लांबून जाणवेल ते मीठ ठरवतं. १ मिलिमोलर मिठात तिचा पल्ला सुमारे १० नॅनोमीटर असतो, पीबीएसमध्ये जेमतेम ०.८. तेवढ्या जवळ आलेले कण मग चिकटतातच. कॅल्शियमसारखे दुहेरी प्रभाराचे आयन तर फारच थोडे पुरतात.

आता बाटलीवर फक्त 'नॅनोडायमंड' लिहिलेलं असेल तर ते अर्धवट नाव समजा. हवेत ४०० अंशांच्या वर तापवलेल्या पावडरीवर कार्बॉक्सिल (आम्लधर्मी) गट येतात आणि झीटा पोटेन्शियल (द्रवातल्या कणाच्या प्रभाराचं मिलिव्होल्टमधलं माप) ऋण होतं. हायड्रोजनमध्ये तापवलेली पावडर पाण्यात धन निघते. धनवाल्यांना फॉस्फेट आणखीच नडतं, कारण ते थेट पृष्ठभागावर बसून प्रभार खाऊन टाकतं. कार्बॉक्सिलवाल्यांचं दुखणं वेगळं: सामू ३ च्या आसपास उतरला की त्यांचा प्रभार जातो आणि मीठ नसतानाही गुठळ्या होतात. म्हणून एकाच सामूवरचा झीटाचा आकडा मला कुणी दाखवला की मी तो बाजूला ठेवतो. (झीटा ±३० मिलिव्होल्टच्या पलीकडे असेल तर कण सुटे राहतात, हा नियमही अंदाजापुरताच.)

स्फोटातून बनवलेल्या ४-५ नॅनोमीटरच्या कणांत आणखी एक गंमत आहे. बर्नार्ड आणि स्टर्नबर्ग यांच्या २००७ च्या गणितांनुसार एकाच कणाच्या (१००) बाजूंवर (हे अंक म्हणजे स्फटिकाच्या पैलूची दिशा) धन विभव असतं, आणि ग्रॅफाइटसारख्या झालेल्या (१११) बाजूंवर ऋण. शेजारच्या कणाची उलटी बाजू समोर आली की जोडी पक्की. पावडरीतल्या घट्ट गुठळ्यांमागचं हे एक कारण मानतात. साधा बाथ सोनिकेटर (ध्वनिलहरींनी कण सुटे करणारं यंत्र) तिथे हात टेकतो, झिर्कोनियाच्या मण्यांनी दळावं लागतं.

तुमच्या प्रयोगात प्रभाराच्या भरवशावर राहू नका. कण साध्या पाण्यात असतानाच त्यांच्यावर बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन, ज्याचा लेप कणांना वेगळं ठेवतो) चढवा, जादा बीएसए धुवून काढा, मग बफर घाला. क्रम उलटा केलात तर गुठळीवरच प्रोटीनचा लेप बसेल.