पक्षाचा नवा अध्यक्ष मतदानाने निवडला तर पक्षात फूट पडते का?

आपण विचारले आहे की नेतृत्व बदलताना एकजूट टिकवायची असेल तर मतदान घ्यावे की सर्वसंमतीने नाव ठरवावे. माझे मत स्पष्टपणे मतदानाच्या बाजूचे आहे.

मी परळ-लालबाग भागात एकवीस वर्षे एका पक्षाचे काम केले. पक्षाचे नाव लिहीत नाही. 2011 साली आमच्या वॉर्ड अध्यक्षांनी वयोमानामुळे पद सोडले आणि नव्या निवडीसाठी एका शाळेच्या वर्गात सभा बोलावण्यात आली. नावे दोन होती: एक गिरणी कामगाराचा मुलगा, ज्याला चाळींतील खोली-खोलीची मतदारयादी तोंडपाठ होती, आणि दुसरा तरुण वकील, ज्याची नव्या टॉवरमधील मतदारांत ऊठबस होती. हरलो तरी दुसऱ्याचे काम करू, असे दोघांनीही आदल्या रात्री मला सांगितले होते, म्हणून मी घरून चिठ्ठ्या कापून नेल्या होत्या. निरीक्षक आले, एकजुटीवर बोलले आणि त्यांनी एका ओळीचा ठराव वाचला की निवडीचे सर्व अधिकार पक्षश्रेष्ठींना देण्यात येत आहेत. मी उभा राहून मतदानाची मागणी केली, तेव्हा ज्यांचे बोट धरून मी पक्षात आलो ते काका सर्वांसमोर म्हणाले, "बाळा, मतदान झाले की गट पडतात. खाली बस." मी बसलो, आणि त्याची खंत मला आजही आहे.

तीन आठवड्यांनी तिसरेच नाव आले, आमच्या वॉर्डात राहतही नसलेल्या गृहस्थांचे. 2012 च्या महापालिका निवडणुकीत वकील घरी बसला, दुसरा एका अपक्षाच्या प्रचारात दिसला आणि आमच्या कित्येक बूथवर पोलिंग एजंटही मिळाला नाही.

काकांचे म्हणणे मला तेव्हाही पटले नव्हते. गट त्या वर्गात आधीच बसलेले होते. मतदानाने फक्त त्यांची मोजणी झाली असती. ज्याची मते मोजली गेली त्याला आपली ताकद कळते आणि थांबायला कारण मिळते. ज्याला कोणी मोजलेच नाही, त्याला स्वतःची किंमत बाहेर पडून दाखवावी लागते. काँग्रेसच्या ऑक्टोबर 2022 मधील अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मल्लिकार्जुन खर्गे यांना 7,897 आणि शशी थरूर यांना 1,072 मते पडली. पराभूत उमेदवार पक्षातच राहिले आणि पुढच्या वर्षी कार्यसमितीतही आले. शिवाय मोजणी कायमची टाळता येत नाही. शिवसेनेचे नाव आणि धनुष्यबाण कोणाचे हे फेब्रुवारी 2023 मध्ये, आणि राष्ट्रवादीचे नाव व घड्याळ कोणाचे हे फेब्रुवारी 2024 मध्ये, निवडणूक आयोगाने ठरवले ते प्रामुख्याने आमदार-खासदारांच्या संख्येवर. ज्यांनी सतरंज्या अंथरल्या आणि घरोघरी स्लिपा वाटल्या, त्या कार्यकर्त्यांचे मत त्या निर्णयात निर्णायक ठरले नाही. आपल्या वर्गात मोजणी नाकारणाऱ्याने ती दुसऱ्याच्या दारात होऊ दिली, असे मी मानतो.

मतदान पुरेसे असते असे मात्र मी म्हणणार नाही. 1939 मध्ये सुभाषचंद्र बोस 1,580 विरुद्ध 1,377 मतांनी काँग्रेसचे अध्यक्ष झाले, तरीही ज्येष्ठांच्या असहकारामुळे त्यांना एप्रिलमध्येच राजीनामा द्यावा लागला. निकाल मानण्याची तयारी वरिष्ठांनी आधी दाखवावी लागते, आणि ती कशी घडवून आणावी याचे पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही.

आपल्या वॉर्डात निवड होणार असेल तर प्रथम क्रियाशील सदस्यांची यादी कार्यालयाच्या भिंतीवर लावून घ्या, कारण रातोरात वाढलेल्या नावांवर झालेले मतदान ठरावापेक्षाही वाईट. त्यानंतर निरीक्षकांनी एका ओळीचा ठराव वाचलाच, तर आपला विरोध इतिवृत्तात नावासह नोंदवून घ्या आणि कोणी कितीही प्रेमाने बसायला सांगितले तरी ती नोंद होईपर्यंत उभे राहा.