आई-बाबा अमेरिकेत येतायत आणि घरामागे कायोटी दिसतात. त्यांना एकटं फिरायला पाठवू का?

पाठवा. सकाळी पाठवा, संध्याकाळी पाठवा, पण घरात बसवून ठेवू नका.

तुम्ही लिहिलंय की आई-बाबा सहा महिन्यांसाठी शिकागोजवळ येतायत, सबडिव्हिजनच्या (घरांच्या वसाहतीच्या) तळ्यामागे कायोटी, म्हणजे लांडग्याच्या जातीचे पण त्याहून लहान रानटी प्राणी, फिरतात, तर त्यांना एकटं सोडावं का आणि सोबत कोणता स्प्रे द्यावा. त्यावर एकांनी उत्तर दिलंय, "अजिबात नको, वयस्कर माणसांना कायोटीच्या भागात एकटं सोडणं बेजबाबदारपणा आहे." अगदी हेच वाक्य माझ्या दादाने मला ऐकवलं होतं आणि त्या वाक्यापायी आईचा अमेरिकेतला उरलेला मुक्काम वाया गेला. म्हणून लिहितेय.

आई माण तालुक्यातली, दहिवडीच्या पुढे तिचं माहेर. घरी शेरडं-मेंढरं होती. लहानपणी ती भावांबरोबर माळावर जायची आणि लांडग्याने कोकरू उचलून नेलेलं तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. रात्री मेंढरांभोवती वाघर (जाळीचं कुंपण) लावली, कुत्री सोडली, तरी पहाटे मोजणीत एखादं मेंढरू कमी भरायचं. लांडग्याबद्दल ती कधी कौतुकाने बोलत नाही, पण घाबरूनही बोलत नाही.

आमचं घर शिकागोजवळच्या ऑरोरा गावापाशी आहे. मागे तळं आणि तळ्यापलीकडे फॉरेस्ट प्रिझर्व्हचं, म्हणजे राखीव जंगलाचं, गवताळ रान. त्यातून खडीची ट्रेल जाते. अमेरिकेत आईला मनापासून आवडलेली पहिली गोष्ट म्हणजे तो माळ. मॉल नाही, शिकागो नाही, तो माळ. रोज साडीवर स्वेटर, पायात माझे जुने स्पोर्ट्स शूज, हातात काठी घेऊन ती निघायची.

एके दिवशी मी आणि माझा मुलगाही बरोबर होतो. तो तेव्हा चार वर्षांचा. एप्रिल संपत आला होता, सूर्य मावळायला थोडा वेळ होता. मुख्य ट्रेलवरून एक पायवाट ओढ्याच्या काठाने गवतात शिरते, तिच्या वळणावर समोर कायोटी उभा. मध्ये तीन-चार गाड्या मावतील एवढंच अंतर. एरवी कायोटी दिसला तर तो एकदा बघतो आणि तिरका निघून जातो. हा गेला नाही. मान खाली, पाठीला बाक, तोंड उघडं. दोन पावलं पुढे आला आणि भुंकला.

आई म्हणाली, "पोराला उचल. आन् पळू नगंस."

मी मुलाला उचललं. आई आमच्या पुढे झाली. अंगावरची शाल दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरली, काठी खडीवर आपटली आणि ओरडली, "हाऽऽड! हाऽड!" पलीकडच्या टेकडीपर्यंत जावा असा आवाज. कायोटी थबकला, मागे सरला, पण पळाला नाही. मला वाटलं, आता ही त्याच्या अंगावर धावून जाणार. ती गेली नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "पिलं हायती ह्याची हितं कुठंतरी. आपुन हितनं जावं, एवढंच त्येचं म्हणणं हाय. चल मागं. पाठ दावू नगं."

तोंड त्याच्याकडे ठेवून आम्ही मागे मागे सरकत मुख्य ट्रेलवर आलो. तो बरोबर येत राहिला, तेवढंच अंतर राखून, गवतातून कधी दिसायचा, कधी नाही. आम्ही थांबलो की थांबायचा. ट्रेल रस्त्याला मिळते तिथे एक बाक आहे, त्याच्या अलीकडेच तो बसला, जरा वेळ आमच्याकडे बघितलं आणि आल्या वाटेने परत गेला. मुलगा सगळा वेळ गप्प होता. घरी आल्यावर विचारलं, "त्याचं बाळ कुठे होतं?"

आईने जे ओळखलं ते शंभर टक्के बरोबर होतं. कायोटींचा जोड्या जमण्याचा काळ जानेवारी ते मार्च. दोन महिन्यांनी, म्हणजे साधारण एप्रिल-मेमध्ये, पिलं होतात आणि बिळाची राखण नर-मादी दोघंही करतात. बिळाजवळ माणूस आला, त्यातून बरोबर कुत्रा असला, तर ते त्याला हद्दीबाहेर नेऊन सोडतात. आपल्याला पाठलाग वाटतो, पण ती शिकार नसते. मी दुसऱ्या दिवशी फॉरेस्ट प्रिझर्व्हला फोन केला, त्यांनी ती आतली पायवाट काही आठवडे बंद ठेवली. विषय संपला.

लोक दोन वेगळे प्रसंग एकच धरतात. घरांच्या रस्त्यावर, डेकपाशी (घरामागच्या लाकडी ओट्यापाशी), भर दिवसा कायोटी आला आणि हलत नसला, तर त्याला हाकला. ओरडा, हात वर करा, भांडी वाजवा, त्याच्या पायाशी खडे फेका, तो नजरेआड होईपर्यंत थांबू नका. पण वसंतात गवतात तो तुमच्यावर भुंकतोय, तर त्याच्यामागे लागू नका. तिथे तुम्ही मागे व्हायचं. पळायचं मात्र दोन्हीकडे नाही. आईला हे कुणी शिकवलं नव्हतं, तिला माळाने शिकवलं होतं.

हा किस्सा मी दादाला अभिमानाने सांगितला. तो न्यू जर्सीत असतो. त्याने मलाच सुनावलं. आईच्या जिवाशी खेळतेस, लहान मुलाला घेऊन जंगलात जातेस, वगैरे. पाठोपाठ बातमीची लिंक पाठवली: जानेवारी 2020, शिकागोचं लिंकन पार्क, नेचर म्युझियमजवळ सहा वर्षांच्या मुलाला कायोटी चावला. बातमी खरी आहे. मुलगा वाचला हेही खरं. शिकागोच्या इलिनॉय राज्यात माणसाला कायोटी चावल्याची कित्येक दशकांतली ती पहिली घटना होती, म्हणून तर देशभर बातमी झाली. पुढे जो कायोटी पकडला त्याच्या छातीत एअरगनच्या छऱ्याची जखम निघाली, म्हणजे त्याला आधी कुणीतरी गोळी घातली होती. दादाने एवढं पुढचं वाचलंच नाही.

पुढच्याच आठवड्यात तो येऊन आईला घेऊन गेला. तिकडे सकाळी सगळे कामावर. दाराला अलार्म. "आई, एकटी खाली उतरू नकोस." दिवसभर मालिका आणि खिडकी. परतीच्या वेळी विमानतळावर तिला व्हीलचेअर लागली. माझ्याकडे असताना हीच बाई रोज तळ्याला फेऱ्या मारत होती. आता ती यायला तयार नाही. म्हणते, "तिकडं मला कोंडून घालता." दादा म्हणतो, वय झालं, गुडघे गेलेच असते. मी हे कधीच मान्य करणार नाही.

आणि ज्याला धोका म्हणायचं तो केवढा? शिकागो परिसरात स्टॅन गेर्ट हे संशोधक 2000 सालापासून कायोटींचा अभ्यास करतायत. हजारावर कायोटी पकडून, खूण करून सोडलेत, कितीतरींना रेडिओ कॉलर घातल्या. त्यातून दिसलं ते असं की कायोटी ऐन शहरातही राहतात, पण माणसाला टाळायला रात्रीचे फिरतात. त्यांच्या विष्ठेत मुख्यतः निघाले उंदीर-घुशींसारखे प्राणी, फळं, हरिण, ससे. मांजर शंभरात जेमतेम एक-दोन नमुन्यांत. प्राणी दिसतो मोठा, तो हिवाळी केसांमुळे. वजन बहुतेकदा दहा ते अठरा किलो, आमच्या माणच्या लांडग्याहून हलकाच. याउलट कुत्रा चावण्याच्या घटना अमेरिकेत वर्षाला अंदाजे 45 लाख धरतात. साताऱ्यात आई पहाटे दूध आणायला जाते तेव्हा गल्लीत भटक्या कुत्र्यांची टोळी बसलेली असते. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून जास्त भारतात होतात, आणि ते जवळजवळ सगळे कुत्र्यांमुळे. त्यावरून दादाचा फोन एकदाही आलेला नाही.

तुमच्या आई-बाबांना इथे खरा धोका गाड्यांचा आहे. आयुष्यभर रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघायची सवय, इथे गाडी पहिल्यांदा डावीकडून येते. उजवीकडे वळणारा ड्रायव्हर लाल दिव्यालाही वळतो आणि त्याची नजर डावीकडून येणाऱ्या गाड्यांवर असते, चालणाऱ्यावर नाही. पहिले काही दिवस बरोबर जा ते यासाठी. अंधार पडताना चकाकणारं जाकीट घालायला द्या. काठी द्या, गळ्यात शिट्टी द्या, कुठलीही चालते. स्प्रेचा नाद सोडा. शिकागोच्या वाऱ्यात तो स्वतःच्याच डोळ्यांत जायचा.

आणि सबडिव्हिजनमध्ये लोकांना अन्न टाकू देऊ नका, कायोटी जवळ येतात ते त्यानेच. आमच्याकडे एका घरात डेकवर रात्रभर मांजराचं खाणं ठेवायचे. आपलेही लोक मागे नाहीत, उरलेल्या पोळ्या आणि भात "पक्ष्यांना" म्हणून गवतावर टाकतात, पितृपक्षात पान डेकवर ठेवून विसरतात. पक्षी खातात त्याहून जास्त उंदीर खातात आणि उंदरांमागे कायोटी येतो. पान ठेवायचं तर ठेवा, कावळा शिवला की उचला, नाही शिवला तरी उचला. आमच्या असोसिएशनने (वसाहतीच्या सोसायटीने) घरोघरी पैसे गोळा करून ट्रॅपर, म्हणजे सापळे लावणारा, बोलावला. एक कायोटी पकडला. लोकांना वाटतं त्याला लांब जंगलात सोडतात. इथे बहुतेक वेळा मारून टाकतात. पुढच्या हिवाळ्यात त्याच तळ्यामागे नवी जोडी आली. हद्द मोकळी झाली की दुसरे येणारच. मांजराची वाटी मात्र अजून डेकवर आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या स्टॅनली पार्कमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. 2020 च्या डिसेंबरपासून पुढच्या सप्टेंबरपर्यंत चाळीसवर लोकांना कायोटी चावले. फोटोसाठी लोक त्यांना खाऊ घालत होते. शेवटी कायोटी मारले गेले.

आता काही गोष्टी, ज्या आधी लिहायला हव्या होत्या पण रागात राहून गेल्या.

कायोटीने माणूस मारलाच नाही असं नाही. नोंद असलेल्या घटना दोन. 1981 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलमध्ये तीन वर्षांची मुलगी आणि ऑक्टोबर 2009 मध्ये कॅनडातल्या केप ब्रेटन हायलंड्स नॅशनल पार्कमध्ये टेलर मिचेल ही 19 वर्षांची गायिका, एकटी चालत असताना. दुसऱ्या घटनेला मी वर झाडलेलं "अन्न टाकू नका" लागू पडत नाही. तिथले कायोटी माणसाच्या खरकट्यावर जगत नव्हते. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांचं खाणं मुख्यतः मूस (तिकडचं प्रचंड मोठं हरिण) असल्याचं दिसलं, म्हणजे मोठं जनावर मारायची त्यांना सवय होती. पूर्वेकडचे कायोटी अंगानेही मोठे असतात, त्यांच्यात लांडग्याचं रक्त मिसळलंय. त्यामुळे कुणी आई-बाबांना घेऊन त्या बाजूच्या रानात ट्रेकला जाणार असेल तर माझं उत्तर वेगळं आहे. एकटं जाऊ नका.

नातवंडं लहान असतील तर आजी-आजोबांबरोबर चालताना पुढे धावू देऊ नका, हात धरूनच. छोटा कुत्रा असेल तर लीश (गळ्यातली दोरी) आखूड आणि पक्की, लांब सुटणारी नको, आणि एप्रिल ते जून त्याला गवतात नेऊच नका. कायोटीचा सगळा राग कुत्र्यावर असतो. माझी आई माळावर वाढली, तुमचे आई-बाबा कदाचित कोथरूडमध्ये वाढले असतील. त्यांना आल्या आल्या एकदा समजावून सांगा आणि अंगणात मोठ्याने ओरडून बघायला लावा. संकोच वाटतो, आवाज फुटत नाही. एकदा ओरडलं की जमतं.

लंगडणारा, झोकांड्या देणारा, तोंडातून लाळ गळणारा कोणताही प्राणी दिसला, कायोटी असो की रॅकून, तर लांब व्हा आणि पोलिसांना किंवा अ‍ॅनिमल कंट्रोलला फोन करा. चावलाच, साधा ओरखडा असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इमर्जन्सीत जा. हळद लावून सकाळपर्यंत वाट बघू नका. इथे रेबीजच्या इंजेक्शनांचं बिल हजारो डॉलर येतं, तेव्हा त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स प्राण्यांच्या चाव्याला लागू आहे का, ते तिकीट काढायच्या आधी बघून घ्या.