गावकरी रिकामा का बसतो? : स्ट्रॅटेजी गेमविषयी तुमचे प्रश्न

शहर वसवण्याच्या आणि साम्राज्य उभारण्याच्या गेममध्ये माणसं कामाला कशी लावायची, यावर आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : एज ऑफ एम्पायर्स २ च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये माझ्याकडे ‘आयडल व्हिलेजर’चा (रिकाम्या गावकऱ्यांचा) आकडा सतत तीन-चारवर असतो. टिंबाची कळ दाबून त्यांना कामाला लावतो, तोवर दुसरे बसलेले असतात. हे होतं कशामुळे? (सांगली)

उत्तर : बहुतेक वेळा बांधकामामुळे. लंबर कॅम्प, मायनिंग कॅम्प किंवा मिल (लाकूड, खनिज आणि अन्न जमा करायची ठिकाणं) बांधणारा व्हिलेजर काम संपलं की आपणहून जवळच्या झाडाकडे, खाणीकडे किंवा खाण्याकडे वळतो. शेत बांधणारा त्याच शेतात राबायला लागतो. पण घर किंवा बॅरॅक बांधणाऱ्याला जवळपास दुसरा पाया दिसला नाही, तर तो तिथेच उभा राहतो. म्हणून घराचा हुकूम देतानाच शिफ्ट दाबून ठेवा आणि पुढचं काम, म्हणजे झाडावरची क्लिक, लगेच रांगेत लावा. एवढ्या एका सवयीने तुमचा निम्मा त्रास जाईल.

दुसरं कारण लाकडाचा तुटवडा. शेत पुन्हा पेरायला ६० लाकूड लागतं. मिलमध्ये आपोआप पेरणी चालू ठेवली असली, तरी लाकूड शून्यावर आलं की पीक संपलेल्या शेतावरचा माणूस बसून राहतो. आठ-दहा शेतं एकाच सुमाराला घातली, तर ती संपतातही एकाच सुमाराला, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही सगळं लाकूड धनुर्धाऱ्यांवर उडवलेलं असतं. तिसरं कारण टाउन बेल, म्हणजे गावकऱ्यांना आत आसरा घ्यायला लावणारी घंटा. हल्ला परतवल्यावर घंटा पुन्हा वाजवली, तर माणसं आपापल्या जुन्या कामावर जातात. घंटेऐवजी हाताने बाहेर काढली, तर दारात उभी राहतात.

मात्र त्या आकड्यात न येणारा रिकामपणा जास्त महाग पडतो, तो म्हणजे व्हिलेजर तयार करणाऱ्या टाउन सेंटरचा. एक व्हिलेजर ५० अन्नात आणि २५ सेकंदांत तयार होतो. टाउन सेंटर २५ सेकंद बंद राहिलं, की एक माणूस कायमचा मागे पडला. दुसरं टाउन सेंटर उभं राहीपर्यंत ती तूट भरून निघत नाही. सुरुवातीला बहुतेक संस्कृतींकडे तीन व्हिलेजर आणि एक स्काउट असतो, म्हणजे लोकसंख्या चार. टाउन सेंटर जागा देतं पाच जणांची. हाताशी असलेल्या २०० अन्नात चार माणसं रांगेत लागतात, पण घर नसेल तर पहिल्यानंतरच रांग अडते. त्यामुळे पहिल्या सेकंदाला रांग लावा आणि दुसऱ्या सेकंदाला २५ लाकडाचं घर बांधायला घ्या. फ्यूडल एजकडे, म्हणजे पुढच्या युगाकडे, जाताना टाउन सेंटर १३० सेकंद अडकतं, म्हणजे पाच माणसं कमी. तो खर्च अटळ आहे, पण तो कधी करायचा हे तुम्ही ठरवायचं.

लंबर कॅम्पपासून झाडं दूर गेल्यावर ओझी घेऊन लांब चालणारे व्हिलेजरही रिकामेच समजा. गेम त्यांना ‘कामावर’ म्हणतो. नवा कॅम्प १०० लाकडाचा आहे. तिथे कंजूषपणा करू नका.

प्रश्न : सिव्हिलायझेशन ५ मध्ये शहराच्या पडद्यावर ‘अनएम्प्लॉइड सिटिझन्स’ दिसतात. प्रत्येकाचा एक हातोडा (उत्पादनाचं एकक) मिळतो. हे फुकटचं उत्पादन समजायचं का? (ठाणे)

उत्तर : नाही. तो बेकार दर पाळीला (टर्नला) दोन अन्न खातो आणि साम्राज्याच्या नाराजीत एकाची भर घालतो. बदल्यात मिळतो एक हातोडा. शिवाय प्रत्येक नागरिकामागे एक विज्ञान मिळतं तेही मिळतं, कारण तो हिशेब डोक्यांवर चालतो, कामावर नाही. आता तुलना करा. खाण नसलेली साधी टेकडीसुद्धा दोन हातोडे देते, खाण खणली की तीन. मार्केटमधला व्यापारी दोन सोनं देतो, विद्यापीठातला शास्त्रज्ञ तीन विज्ञान देतो, आणि हे दोघेही तज्ज्ञ महापुरुष (ग्रेट पर्सन) मिळवण्याच्या खात्यात प्रत्येकी तीन गुण टाकतात. बेकारापेक्षा वाईट फक्त सपाट वाळवंट आणि बर्फ. तिथे काहीच उगवत नाही, म्हणून तिथे पाठवण्यापेक्षा शहरात बसलेला बरा.

मग नागरिकांना आपोआप कामं वाटणारा गव्हर्नर त्याला काम का देत नाही? चार गोष्टी क्रमाने तपासा. ‘मॅन्युअल स्पेशालिस्ट कंट्रोल’ची खूण चालू असेल, तर गव्हर्नर तज्ज्ञांच्या जागांना हात लावत नाही. तुम्ही पूर्वी भरलेल्या नसतील तर त्या रिकाम्याच राहतात, आणि बहुतेक पत्रलेखकांचं दुखणं इथेच असतं. दुसरी गोष्ट सीमेची. शहर नकाशावरच्या तीन चौकटींच्या परिघातल्या ३६ जागा कसू शकतं, पण ज्या सीमेत आल्या आहेत त्याच. अन्न भरपूर आणि सीमा वाढवणारी संस्कृती मंद असेल, तर माणसं जमिनीपेक्षा वेगाने वाढतात. अशा वेळी सोनं देऊन एखादी टेकडी विकत घेणं स्वस्त पडतं. तिसरं, शेजारचं तुमचंच शहर सामाईक चौकट कसत असेल. चौथं, शत्रूचं पथक चौकटीवर उभं असेल, तर ती तेवढ्यापुरती बंद. यातलं काहीच नसेल, तर माणसं खरोखरच जास्त झाली आहेत. वाढ थांबवणारी ‘अव्हॉइड ग्रोथ’ची खूण करा आणि विद्यापीठ किंवा वर्कशॉप आधी बांधा.

या मालिकेच्या १९९१ च्या पहिल्या खेळात नकाशावरून उचललेला माणूस बेकार होत नसे, तो ‘एंटरटेनर’ व्हायचा आणि शहराला ऐशआरामाचे दोन एकक द्यायचा. शहर पाचचं झालं की त्याला करवसुलीदार किंवा शास्त्रज्ञ करता यायचं. चौथ्या भागात (२००५) मात्र नाराज नागरिक काम सोडतो आणि जेवण चालूच ठेवतो, अगदी खायला काळ नि भुईला भार. त्याच भागातली गुलामगिरीची पद्धत निवडली, की साधारण वेगाच्या खेळात एका माणसाचा बळी देऊन ३० हातोडे मिळतात आणि दहा पाळ्या नाराजी एकाने वाढते. त्यामुळे अनुभवी खेळाडू आधी याच नाराजांवर चाबूक चालवतात. हिशेब बिनचूक आहे, आणि तो तसा बिनचूक असणंच आम्हाला खटकतं.

प्रश्न : सीझर ३ मध्ये सल्लागार सांगतो, शहरात बेकारी आहे. पण मातीच्या खाणीवर आणि कुंभारवाड्यात कामगार नाहीत. दोन्ही एकाच वेळी कसं? (नागपूर)

उत्तर : रोमन शहर वसवण्याच्या या १९९८ च्या खेळात कामगारांचा साठा साऱ्या शहराचा एकच असतो, पण त्या साठ्याचं दार प्रत्येक इमारतीला स्वतः उघडावं लागतं. इमारत एक माणूस रस्त्यावर पाठवते. तो चालताना वस्तीच्या जवळून गेला, की इमारतीला कामगार मिळायला लागतात. ते त्याच घरातून यायला हवेत असं नाही. वाटेतला एखादा तंबूही पुरतो.

म्हणून खाणीजवळच्या रस्त्याला लागून दोन-तीन तंबूंच्या जागा ठेवा. तिथे पाणी, बाजार काही देऊ नका. वस्ती गरीब राहिली तरी चालते. खाणीचा रस्ता मुख्य रस्त्याला जिथे मिळतो, तिथे फाटे कमी ठेवा. हा माणूस चौकात मनाला येईल तिकडे वळतो आणि तंबूंच्या उलट्या दिशेला गेला की फेरी वाया.

शहर श्रीमंत झाल्यावर नेमकी उलटी अडचण येते. घरं व्हिला झाली, की त्यातले पॅट्रिशियन, म्हणजे रोमन उमराव, काम सोडतात. एका झटक्यात कामगार घटतात, आग विझवणाऱ्या प्रीफेक्टांच्या चौक्या (प्रीफेक्चर) ओस पडतात आणि मग आगी लागतात. व्हिला होऊ देण्याआधी साधी वस्ती वाढवा. तुटवडा पडलाच, तर कामगार-सल्लागाराच्या यादीत पाणी आणि प्रीफेक्ट यांना वरचा क्रम द्या. मातीची खाण थांबली तर काही बिघडत नाही.

प्रश्न : मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे. व्हिक्टोरिया ३ मधले ‘पेझंट्स’ म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातली छुपी बेकारीच का? (कोल्हापूर)

उत्तर : जवळपास, पण एका महत्त्वाच्या ठिकाणी फरक आहे. २०२२ चा हा खेळ १८३६ ते १९३६ हा काळ घेतो. त्यात ‘अनएम्प्लॉइड’ आणि ‘पेझंट्स’ वेगळे मोजले जातात. पेझंट निर्वाहशेतीत असतो. तिथे तो थोडं पिकवतो, बाजारातून थोडंच घेतो, सरकारला त्याच्याकडून कर जवळजवळ मिळत नाही. कारखान्याने बरी मजुरी देऊ केली, की तो तिकडे जातो. आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये मांडलेलं दुहेरी अर्थव्यवस्थेचं चित्र ते हेच. शेतीतला राखीव माणूस संपेपर्यंत कारखान्यातली मजुरी फारशी चढत नाही.

फरक असा, की पुस्तकातल्या छुप्या बेकारीत काही माणसं काढली तरी शेतीचं उत्पादन घटत नाही. खेळात मात्र निर्वाहशेतीतली माणसं कमी झाली, की तिथलं उत्पादनही त्या प्रमाणात उतरतं. म्हणजे खेळाने या माणसाची उत्पादकता कमी धरली आहे, शून्य नाही.

खेळताना याचा उपयोग असा. प्रांतात पेझंट भरपूर असतील तोवर माणसं वाचवणाऱ्या उत्पादनपद्धती लावू नका. स्वस्त मजूर घरी बसवून तुम्ही महाग अवजारं आणि इंजिनं विकत घेता. राखीव माणसं आटली आणि मजुरी चढायला लागली, की मग त्या लावा. मळे वाढवताना सांभाळा. ते पिकाऊ जमीन घेतात, त्यामुळे निर्वाहशेती आक्रसते, आणि सुटलेल्या माणसांना तेवढ्यात नोकरी नसेल, तर ती खऱ्या बेकारांत जाऊन असंतोष वाढवतात. कारखान्यातल्या जागा रिकाम्या आणि बाहेर माणसं रांगेत, असं दिसलं तर पात्रतेचा तक्ता उघडा. निरक्षर पेझंट उद्या सकाळी इंजिनिअर होत नाही. साक्षरता वाढायला वर्षं लागतात, म्हणून शिक्षणावरचा खर्च कारखान्याच्या आधी सुरू करा.

प्रश्न : अ‍ॅनो १८०० मध्ये गरजेपेक्षा जास्त शेतकरी असले, तर तोटा होतो का? (दुबई)

उत्तर : नाही. तिथे रहिवासी पैसे देतो ते गरजा भागल्याबद्दल. त्याला काम आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. उलट बाजू मात्र जाचक आहे. एखाद्या वर्गाचे कामगार कमी पडले, की त्या वर्गावर चालणाऱ्या साऱ्या कारखान्यांचा वेग उतरतो. वीस जणांचं वर्कर-घर (शेतकऱ्यांच्या वरच्या वर्गाचं) करायला दहा शेतकऱ्यांचं घर खर्ची पडतं, म्हणून बढती देण्याआधी शेतकऱ्यांची शिल्लक पाहा.

प्रश्न : बॅनिश्डमध्ये मी प्रत्येकाला नेमून काम दिलं आहे, एकही रिकामा नाही. तरी गाव उपाशी मरतं. का? (रत्नागिरी)

उत्तर : एकही रिकामा नाही, म्हणूनच. या खेळात नेमणूक नसलेला माणूस ‘लेबरर’ असतो. माल वाहून नेणं, दगड-लाकूड उचलणं त्याच्याकडे असतं. शिवाय कोळी किंवा शिकारी मेला, की त्याच्या जागी आपोआप जातो तो हाच. लेबरर शून्य असतील, तर जागा रिकामी राहते आणि ते कळायला एक हिवाळा जातो. दहा प्रौढांमागे एक-दोन लेबरर ठेवा. हिवाळ्यात शेतकरीही मजुरी करतात, त्यामुळे मोठी वाहतूक आणि साफसफाई तेव्हा काढा.

घरांकडेही पाहा. रिकामं घर नसेल, तर तरुण जोडपी आईबापांकडेच राहतात आणि मुलं होत नाहीत. काही वर्षांनी म्हातारे एकापाठोपाठ जातात, मागे नवी पिढी नसते. याउलट घाबरून एकदम दहा घरं बांधलीत, तर एकाच वर्षात एवढी पोरं जन्मतात, की धान्यकोठार तळाला जातं. दरवर्षी एक-दोन घरं, आणि दर घरामागे पुढच्या कापणीपर्यंतचं धान्य आधी साठवा.