काठी डाव्या हातात द्या

तुम्ही लिहिलंत की आईंचा उजवा खुबा झिजलाय, डिचोलीतल्या घरच्या अंगणातसुद्धा त्या उजवीकडे झुकत चालतात, आणि शेजारी सांगतात की काठी दुखऱ्या बाजूलाच धरायची. नाही. काठी डाव्या हातात. फोंड्यात 20 वर्षांहून जास्त काळ फिजिओथेरपी करतेय, आणि हे मी रोज कुणाला ना कुणाला सांगते.

चालताना दर पावलाला काही क्षण सगळं शरीर एकाच पायावर असतं. उजवा पाय टेकलेला, डावा हवेत. तेव्हा कंबर डावीकडे कलंडू पाहते. तिला सावरतात ते उजव्या खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू. पण शरीराचं वजन सांध्यापासून साधारण 10 सेंमी आतल्या बाजूला, आणि स्नायूंची पकड जेमतेम 5 सेंमी बाहेर. म्हणून त्यांना जवळपास दुप्पट जोर लावावा लागतो. सांध्यावर वजनही येतं आणि ही ओढही. 60 किलोच्या माणसाच्या खुब्यावर साध्या चालीत सुमारे 150 किलोंचा भार पडतो, तो असा.

आई झुकतात ती वाईट सवय नव्हे. धड सांध्यावर आणलं की वजनाचं अंतर घटतं, स्नायूंना कमी ओढावं लागतं. शरीरानं स्वतःच काढलेली वाट आहे ती. 'सरळ चाल' म्हणून त्यांना कृपा करून टोकू नका.

डाव्या हातातली काठी उजव्या खुब्यापासून त्या स्नायूंच्या सात-आठ पट लांब पडते. तिच्यावर 5 किलो भार दिला तरी स्नायूंची ओढ 35-40 किलोंनी उतरते. उजव्या हातात धरली तर हा फायदा जातो, वर झुकणं वाढतं. काठी उजव्या पावलाबरोबरच पुढे टाकायची. उंची, चप्पल घालून उभं राहिल्यावर, मनगटाच्या रेघेपर्यंत.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाणारच असतील तर हलकी पिशवी उजव्या हातात असू दे. डाव्या हातातलं ओझं उजव्या खुब्याला फार महाग पडतं.

पायरी चढताना डावा पाय आधी, उतरताना काठी आणि उजवा आधी. पावसात चिऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा काठीचं रबरी बूच आजच तपासा. गुळगुळीत झालं असेल तर बदलून मगच त्यांना बाहेर सोडा.